गाडीवरचे नाव



या महिन्यात एका गाडीची गोष्ट सांगते. गाडीचे नाव ब्यूक. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात हिंदुस्थानातले संस्थानिक आणि मुंबईचे शेठ ज्या लांबलचक अमेरिकन गाड्यांतून फिरत, त्यांत एक नाव ब्यूकचेही होते. आज आपल्याकडे नवी ब्यूक मिळत नाही, पण अमेरिका आणि चीनमध्ये ती अजून विकली जाते. १९०३ साली सुरू झालेली ही कंपनी, म्हणजे सव्वाशे वर्षांच्या घरात आली.

मोटारीशी आपल्या घरातल्या बायका-मुलांचा काय संबंध, असे कुणी म्हणेल. पण आपल्या किती घरांतली चूल गाडीवर पेटते याचा विचार करा. कुणाचा मुलगा गॅरेजात आहे, कुणाचा भाऊ टेम्पो चालवतो, कुणाचे मियाँ आखातात ड्रायव्हर आहेत. गाडी आपल्या रोजीरोटीचा भाग आहे. आणि ब्यूकची गोष्ट तर इंजिनाइतकीच हुनर आणि हिशेब यांची आहे. हुनर आपल्या मुलांकडे भरपूर असते. हिशेबात ती कुठे कमी पडतात, ते या गोष्टीतून समजते.

नळकाम करणारा मुलगा

डेव्हिड डनबर ब्यूक याचा जन्म १८५४ साली स्कॉटलंडमधील आर्ब्रोथ या गावी झाला. तो दोन वर्षांचा असताना घरचे अमेरिकेत डेट्रॉईटला गेले. पाच वर्षांचा झाला तोच बापाचे छत्र हरपले. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो नळकामाचे सामान बनवणाऱ्या एका कारखान्यात लागला. पुढे हा कारखाना अडचणीत आला, तेव्हा डेव्हिड आणि त्याचा एक मित्र यांनी मिळून तोच विकत घेतला. कामगाराचा मालक झाला. इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही आईला आपल्या मुलाला सांगावीशी वाटेल अशी आहे.

डेव्हिडचे डोके सतत चाले. बागेत पाणी शिंपडण्याचे एक यंत्र त्याने बनवले. पण त्याचे मोठे काम वेगळेच होते. आपल्या घरात पूर्वी एनॅमलच्या पांढऱ्या थाळ्या आणि निळ्या काठाचे टमरेल असायचे, आठवते? लोखंडावर काचेसारखा पांढरा थर भाजून बसवलेला असतो, त्यामुळे गंज चढत नाही आणि धुवायला सोपे जाते. पातळ पत्र्यावर हे करणे एक, आणि बिडाच्या जाडजूड टबावर करणे दुसरे. बीड आणि एनॅमल तापल्यावर सारखे फुगत नाहीत, म्हणून थर तडकतो. डेव्हिडने हे काम साधण्याची पद्धत शोधली. अमेरिकेतल्या घराघरांत पांढरे न्हाणीटब पोहोचले, त्यात त्याच्या या शोधाचाही वाटा होता.

एवढ्या एका कामावर तो जन्मभर सुखाने खाऊ शकला असता. पण त्याचे मन आता पेट्रोलच्या इंजिनात गुंतले होते. १८९९ च्या सुमारास त्याने नळकामाचा धंदा सुमारे एक लाख डॉलरला विकला आणि सगळा पैसा इंजिनात घातला. त्या काळात एक लाख डॉलर म्हणजे फार मोठी दौलत होती.

वॉल डोक्यावर

गॅरेजात काम करणाऱ्या मुलांसाठी इथे थोडे तपशिलात सांगते. त्या वेळच्या बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला 'वॉल' म्हणतात, ते सिलिंडरच्या बाजूला असत. त्यामुळे जिथे पेट्रोल पेटते ती जागा वाकडी-तिकडी आणि पसरट होई. आगीचा जोर पिस्टनवर पूर्ण पडण्याआधीच काही उष्णता भिंतींत जिरून जाई. चुलीवर भांडे थोडे बाजूला सरकवून ठेवले तर जसे होईल, तसेच.

डेव्हिड ब्यूक, वॉल्टर मार आणि युजीन रिचर्ड या तिघांच्या कारखान्यात जे इंजिन तयार झाले, त्यात वॉल पिस्टनच्या बरोबर डोक्यावर आले. पेटण्याची जागा लहान आणि आटोपशीर झाली. तेवढ्याच मापाच्या इंजिनातून जास्त ताकद मिळू लागली. आज तुमच्या दारात जी कोणती गाडी किंवा मोटारसायकल उभी असेल, तिच्या इंजिनात वॉल वरच, हेडमध्ये असतात. या रचनेचा ब्यूकने फार आधीपासून पाठपुरावा केला आणि शेवटी सगळ्या जगाने तीच उचलली.

इंजिन उत्तम झाले, पण तिजोरी रिकामी झाली. डेव्हिडला सुधारणा करण्याचा नाद होता, विकण्याचा नव्हता. डेट्रॉईटमध्ये बेंजामिन ब्रिस्को नावाचा पत्र्याचा कारखानदार होता. त्याचे डेव्हिडवर सुमारे साडेतीन हजार डॉलर कर्ज चढले होते. १९०३ साली दोघांनी मिळून ब्यूक मोटर कंपनी स्थापन केली. आता कागद काय सांगतो ते नीट ऐका. कंपनीचे भांडवल एक लाख डॉलरचे दाखवले होते. त्यातले ९९,७०० डॉलरचे भाग ब्रिस्कोच्या नावावर आणि फक्त ३०० डॉलरचे डेव्हिडच्या नावावर होते. ठरलेल्या महिन्यापर्यंत कर्ज फेडले तर सगळे भाग तुझे, नाहीतर कंपनी माझी, अशी अट होती.

कंपनीवर नाव ब्यूकचे, इंजिन ब्यूकच्या कारखान्यातले, पण कागदावर हजारात तीन हिस्से ब्यूकचे. कर्ज फिटले नाही. ब्रिस्कोने त्याच वर्षी कंपनी फ्लिंट या गावच्या एका घोडागाडी बनवणाऱ्या कारखान्याला विकून टाकली. सामानाबरोबर डेव्हिडही फ्लिंटला गेला, कारण इंजिन समजणारा माणूस लागतच होता.

विकणारा आला

फ्लिंट हे मिशिगन राज्यातले गाव. तिथे घोडागाड्यांचा मोठा धंदा होता. १९०४ च्या उन्हाळ्यात पहिली ब्यूक विकली गेली, ती फ्लिंटच्याच एका डॉक्टराने घेतली. त्या काळी डॉक्टरला रात्री-अपरात्री चिखलातून रुग्णाकडे जावे लागे. पुढेही कित्येक वर्षे ब्यूक ही डॉक्टरांची गाडी म्हणून ओळखली गेली, त्याची सुरुवात अशी झाली. त्या वर्षी जेमतेम ३७ गाड्या बनल्या.

मग विल्यम ड्युरंट आला. घोडागाड्या विकून तो आधीच श्रीमंत झाला होता. त्याने ब्यूक घेतली आणि खराब रस्त्यांवर, चढांवर, चिखलात स्वतः चालवून पाहिली. पटल्यावर १९०४ च्या नोव्हेंबरात कंपनीचा कारभार हाती घेतला. पुढच्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनातून तो हजाराहून जास्त गाड्यांची मागणी घेऊन परतला. तोवर कारखान्यातून चाळीस गाड्याही बाहेर पडल्या नव्हत्या! विकणाऱ्या माणसाची ताकद ही अशी असते. १९०८ पर्यंत ब्यूकचे नाव अमेरिकेतील सर्वांत मोठ्या मोटार कारखान्यांत घेतले जाऊ लागले. त्याच वर्षी, सप्टेंबर महिन्यात, ब्यूकच्या पायावर ड्युरंटने जनरल मोटर्स ही कंपनी उभी केली. शेवरोले आणि कॅडिलॅक ज्या कंपनीच्या छताखाली आल्या, तिचा पहिला खांब ब्यूक होता.

डेव्हिड ब्यूक मात्र या धावपळीत हळूहळू बाजूला पडला आणि काही काळाने कंपनीतून निघून गेला. पुढे कॅलिफोर्नियात तेलाच्या धंद्यात पैसा घातला, तो बुडाला. फ्लोरिडात जमिनीच्या व्यवहारात हात घातला, तिथेही हाती काही लागले नाही. म्हातारपणी तो डेट्रॉईटला परत आला आणि एका धंदेशिक्षणाच्या शाळेत नोकरी करू लागला. घरी टेलिफोन ठेवण्याचीही त्याची ऐपत नव्हती. १९२९ च्या मार्च महिन्यात, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तो वारला. त्या वेळी त्याचे नाव मिरवणाऱ्या गाड्या अमेरिकेच्या प्रत्येक रस्त्यावर धावत होत्या.

ज्या ड्युरंटला सगळे जमले, त्याचे तरी काय झाले? १९१० साली बँकवाल्यांनी त्याला जनरल मोटर्समधून बाजूला केले. त्याने लुई शेवरोले या शर्यतीच्या ड्रायव्हरला सोबत घेऊन शेवरोले कंपनी काढली आणि तिच्या जोरावर जनरल मोटर्स परत मिळवली. १९२० साली पुन्हा गमावली. १९३६ मध्ये त्याने दिवाळे काढले. पुढे फ्लिंटमध्ये तो लोकांच्या करमणुकीसाठी चेंडू घरंगळवण्याच्या खेळाचा एक हॉल चालवत होता. १९४७ साली त्याचा मृत्यू झाला. हुनर असून हिशेब नसला तर डेव्हिडसारखे होते आणि धाडस असून लगाम नसला तर ड्युरंटसारखे.

पण त्याच कारखान्यातून सावरून निघालेली माणसेही आहेत. चार्ल्स नॅश गरिबीतून वर आला, ब्यूकचा प्रमुख झाला आणि पुढे स्वतःच्या नावाची मोटार कंपनी काढली. वॉल्टर क्रायस्लर रेल्वेच्या वर्कशॉपमधला मिस्त्री होता. ब्यूकमध्ये येऊन त्याने खर्च आणि काम यांची शिस्त बसवली, तोही प्रमुख झाला आणि १९२५ मध्ये क्रायस्लर कंपनी उभी केली. या दोघांनी यंत्राबरोबर वही वाचायचीही सवय लावून घेतली होती.

चालवणाऱ्यांच्या तोंडून

गाडी कशी होती हे मालकाने नाही तर चालवणाऱ्याने सांगावे. आमच्या मोहल्ल्यात एक चाचा आहेत. सत्तरच्या दशकात ते कुवेतमध्ये एका घरी ड्रायव्हर होते आणि त्या घरात ब्यूक होती. त्यांना मी मुद्दाम विचारले. चाचा म्हणाले, "बेटी, ती गाडी नव्हती, चार चाकांचा पलंग होता. काच वर केली की बाहेरचा अख्खा बाजार गप्प. एसी असा की उन्हाळ्यात बेगमसाहिबा शाल मागायच्या. पण वळणावर सांभाळावे लागे. वेगात वळवली की गाडी होडीसारखी कलायची. आणि पेट्रोल? ते तर घोड्याने पाणी प्यावे तसे प्यायची."

चाचांनी जे सांगितले, नेमके तेच अमेरिकेतले मालक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ब्यूक म्हणजे आराम. १९३९ साली या गाडीत वळण दाखवणारे दिवे आले. तोवर बहुतेक ठिकाणी ड्रायव्हर खिडकीतून हात काढूनच वळत असे. १९४८ साली डायनाफ्लो नावाचा गिअर आला. त्यात गिअर बदलताना धक्का बसतच नसे, कारण ताकद तेलाच्या प्रवाहातून चाकांपर्यंत जाई. म्हातारे खूश झाले. तरुण मात्र कुरकुरत, की पाय दाबला तरी गाडी विचार करून मग निघते! १९४९ पासून पुढच्या पंख्यावर, म्हणजे मडगार्डच्या वरच्या बाजूला, ओळीने गोल भोके आली. मोठ्या रोडमास्टर गाडीला एका बाजूला चार, इतरांना तीन. भोके मोजून शेजारी ओळखत की यांनी कोणती ब्यूक घेतली. मोठेपणा मोजायची हौस सगळ्या मुलखांत सारखीच.

ब्यूकच्या एका इंजिनाची हकिकत मला फार आवडते. १९६२ साली ब्यूकने आपल्या स्पेशल या गाडीत सहा सिलिंडरचे व्ही आकाराचे छोटे इंजिन बसवले. त्या काळात पेट्रोल स्वस्त होते, लोकांना मोठी इंजिने हवी होती. म्हणून १९६७ मध्ये कंपनीने त्या इंजिनाची सगळी यंत्रसामग्री जीप बनवणाऱ्या कंपनीला विकून टाकली. मग १९७३ मध्ये तेलाची टंचाई आली, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि सगळ्यांना छोटे इंजिन हवेसे झाले. ब्यूकने १९७४ मध्ये आपलीच विकलेली यंत्रे परत विकत घेतली. घरातली जुनी शिलाई मशीन अडगळ म्हणून देऊन टाकावी आणि लग्नसराईत तीच परत मागायला जावे, तसे झाले.

पण हा परतीचा व्यवहार फळला. तेच इंजिन सुधारत सुधारत '३८००' या नावाने २००८ पर्यंत बनत राहिले. लेसेबर नावाच्या साध्या, चौकोनी चेहऱ्याच्या गाडीत ते बसवलेले असे. ज्यांच्याकडे ती गाडी होती ते सांगतात की वेळेवर तेल बदलत राहिले तर दोन लाख मैल, म्हणजे तीन लाख किलोमीटरहून जास्त, इंजिन उघडावे लागत नाही. दोषही तेच सांगतात. इंजिनावरचा प्लास्टिकचा भाग तडकून कूलंटचे पाणी गळायचे, खिडकीच्या काचा वर-खाली करणारी यंत्रणा मोडायची आणि बर्फावर टाकलेल्या मिठाने खालचा पत्रा गंजायचा. तरीही आजोबांची लेसेबर नातवाच्या हाती यायची आणि तो कॉलेजला घेऊन जायचा. अशा हकिकती तिथे घरोघरी आहेत.

एकदाच ब्यूकने आपला म्हातारपणाचा कोट काढून ठेवला. ऐंशीच्या दशकात याच सहा सिलिंडरच्या इंजिनाला टर्बो जोडून काळ्या रंगाची ग्रँड नॅशनल नावाची गाडी काढली. १९८७ मधली तिची शेवटची खास आवृत्ती फक्त ५४७ गाड्यांची होती. सरळ रस्त्यावर ती भल्या भल्या शर्यतीच्या गाड्यांना मागे टाकायची. ज्यांच्याकडे ती आहे, ते आज तिला जिवापलीकडे जपतात.

एका गावाचे नशीब

गाडीमागे गाव असते. फ्लिंटमध्ये १९३६ च्या डिसेंबर अखेरीस कामगारांनी कारखान्यात ठाण मांडले. बाहेर येऊन संप करायचा नाही, यंत्रांपाशीच बसून राहायचे. ज्या कारखान्यात ब्यूकचे सांगाडे बनत, तोही त्यात होता. ऐन थंडीत ४४ दिवस हे चालले. बायकांनी जेवणाचे डबे पोहोचवले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तेव्हा बायकाच पुढे झाल्या. पुढे त्यांनी आपले स्वतंत्र दल उभारले आणि आत हवा जावी म्हणून कारखान्याच्या काचा फोडल्या. फेब्रुवारीत कंपनीने कामगार संघटनेशी बोलणी करण्याचे मान्य केले. त्यानंतर कामगाराच्या घरी चांगला पगार, औषधपाणी आणि पेन्शन आले. १९६० मध्ये फ्लिंटची वस्ती दोन लाखांच्या जवळ पोहोचली होती.

पुढे काम आटत गेले. 'ब्यूक सिटी' नावाच्या तिथल्या मोठ्या कारखान्यातून १९९९ च्या जूनमध्ये शेवटची गाडी बाहेर पडली. ती लेसेबरच होती. आणि हे लक्षात ठेवा, की तिथले काम वाईट होते म्हणून तो बंद पडला नाही. दहाच वर्षांपूर्वी तिथल्या गाड्या अमेरिकेतल्या सर्वांत कमी तक्रारींच्या गाड्यांत गणल्या गेल्या होत्या. चांगले काम केले की काम टिकतेच, असे आपण मुलांना सांगतो. ते नेहमीच खरे नसते, हेही सांगायला हवे. २०२० च्या मोजणीत फ्लिंटची वस्ती एक्याऐंशी हजारांच्या आसपास उरली होती.

याच फ्लिंटची आणखी एक हकिकत शिक्षिका म्हणून माझ्या मनातून जात नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये पैसे वाचवण्यासाठी गावाला नदीचे पाणी देणे सुरू झाले. सहा महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, तिथल्या इंजिन कारखान्याने ते पाणी घेणे बंद केले, कारण त्याने इंजिनाचे भाग गंजत होते. इंजिनासाठी पाणी बदलले. पण गावातली मुले तेच पाणी आणखी एक वर्ष पीत राहिली. जुन्या नळांतले शिसे त्या पाण्यात उतरले आणि मुलांच्या रक्तात गेले. शिसे मुलाच्या मेंदूला इजा करते. लोखंडाची काळजी आधी झाली, लेकरांची नंतर.

नाव कसे वाचले

२००९ च्या जूनमध्ये खुद्द जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्या घरातल्या पाँटियाक, सॅटर्न, हमर अशा नावांवर फुली पडली. ब्यूक वाचली. अमेरिकेत तर तिचे गिऱ्हाईक साठीच्या घरातले होते. मग वाचली कशी? चीनमुळे.

चीनमध्ये १९२० आणि ३० च्या दशकांत ब्यूक ही बड्या लोकांची गाडी होती. शेवटचा सम्राट पुयी याच्याकडेही ब्यूक होती. मधल्या काळात राज्य बदलले, गाड्या गेल्या, पण नाव लोकांच्या आठवणीत राहिले. १९९७ मध्ये शांघायच्या सरकारी कंपनीबरोबर भागीदारी झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे पहिली ब्यूक बाहेर पडली. काही वर्षांत चीनमध्ये अमेरिकेच्या अनेक पट ब्यूक विकल्या जाऊ लागल्या. अलीकडे तिथल्या देशी आणि विजेवरच्या गाड्यांपुढे हीही विक्री बरीच घटली आहे. आता अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ब्यूकमध्ये काही चीनमध्ये आणि काही दक्षिण कोरियात बनतात. तिथे साधी मोटार मिळणे बंद झाले असून सगळ्या उंच, एसयूव्ही पद्धतीच्या आहेत.

महाराष्ट्राचाही या कंपनीशी संबंध आला. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला होता, तो १९५४ मध्ये बंद झाला. पुढे पुण्याजवळ तळेगावला २००८ मध्ये शेवरोले गाड्यांचा कारखाना आला. २०१७ अखेर कंपनीने भारतातली विक्री थांबवली, २०२० मध्ये तिथले उत्पादनही थांबले आणि नंतर तो कारखाना ह्युंदाईने घेतला. म्हणजे फ्लिंटमध्ये जे घडले, त्याची लहान आवृत्ती आपल्या इंद्रायणीकाठीही घडून गेली.

आपल्या मुलांसाठी

आता ही गोष्ट तुम्हाला का सांगितली, ते सांगते. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी मुले आज उत्तम मिस्त्री आहेत. आवाज ऐकून इंजिनाचा रोग सांगतात. वीस-बावीस वर्षांच्या अशा मुलाकडे कुणीतरी येते आणि म्हणते, "जागा माझी, पैसा माझा, हात तुझे. बोर्डावर नाव तुझेच लावू." घरात आनंदीआनंद होतो. अम्मी मिठाई वाटते. कागद मात्र कुणी मागत नाही, कारण दोस्तीत लिखापढी कशाला? बोर्डावर नाव आले म्हणजे धंदा आपला झाला असे वाटते. डेव्हिड ब्यूकचे नाव तर कोट्यवधी गाड्यांवर होते.

म्हणून काही साध्या गोष्टी. भागीदारी असेल तर हिस्सा किती, तो आकड्यात आणि अक्षरात लिहून घ्या; दोघांच्या सह्या आणि साक्षीदार हवेत. कर्ज घेतले असेल तर फेडायची तारीख काय आणि ती चुकली तर काय जाणार, हे सही करण्याआधी मोठ्याने वाचून घ्या. दुकानाचे भाडेपत्र, वीजबिल, बँकेतले खाते, परवाना कुणाच्या नावावर आहे ते बघा. आणि रोजची वही ठेवा. मुलाला वही जमत नसेल तर घरात दहावी-बारावी झालेली बहीण असते, बीकॉम झालेली सून असते. तिच्या हाती वही द्या. आपल्याकडे मुलींच्या शिक्षणाचा उपयोग काय, असे अजून कुणी विचारत असेल, तर एक उत्तर हेही आहे. ड्युरंट आणि डेव्हिड या दोघांच्याही घरी वही बघणारे आणि वेळेवर "थांबा" म्हणणारे कुणी असते, तर कदाचित दोघांचेही म्हातारपण वेगळे गेले असते.

आणि ज्यांच्या मुलाने अशी भागीदारी आधीच केली आहे, त्यांनी घाबरून भांडण काढू नये. चहाला बोलवा, प्रेमाने म्हणा, "भाई, आपण जे ठरवले ते एकदा कागदावर उतरवून ठेवू, म्हणजे उद्या आपल्या मुलांत तक्रार नको." नियत साफ असेल तर समोरचा लगेच तयार होईल. टाळाटाळ करू लागला, तर तेही आजच कळलेले बरे.

मुलाने आज कितीही सुंदर इंजिन बांधले तरी रात्री जेवताना एक प्रश्न त्याला जरूर विचारा: बोर्डावर तुझे नाव आहे हे ठीक, कागदावर कुणाचे आहे?